भगवान पालव यांची 'जागृति'

माजिवड्याहून पूर्व द्रुतगती मार्गानें मुंबईकडे निघालें म्हणजे वाटेंत चेंबूर लागतें. १९४७ सालीं ह्या चेंबूरांत भगवान आबाजी पालव यांनीं जागा घेऊन 'जागृति' हें चित्रागार उभारलें. निर्मितिसंस्था त्याआधीं, १९४२ सालींच निघाली होती. त्याच वर्षीं शांतारामबापूंनीं 'प्रभात' सोडून 'राजकमल कलामंदिर' काढलें, आणि होमी वाडिया यांनींहि स्वतंत्र होऊन 'बसंत पिक्चर्स' स्थापन केली. बापूंच्या पाठीशीं 'प्रभात'ची कीर्ति होती. पालवांच्या पाठीशीं काय होतें? बाप गिरणींत कामगार, शिक्षण बेताचें, चेहरा नायकाचा नव्हे! जमेस होती ती एकच विद्या; थोड्या पैशांत बोलपट पुरा करण्याची.

ही विद्या दिसते तितकी हलकी नव्हे. मूकपटाच्या अखेरच्या दिवसांत ते नट म्हणून ह्या धंद्यांत शिरले, आणि १९३८ सालीं 'बहादुर किसान'च्या दिग्दर्शनांत भागीदार झाले. वयानें तिशीच्या आंत, परंतु अनुभवानें मुरलेले असे ते होते. पासष्ट हजार रुपयांत संपूर्ण बोलपट ते उभा करीत, असें सांगतात. कपडेपट तेच ठरवीत, मंडळींच्या जेवणाचा हिशेबहि तेच पाहत, आणि उंचावरून उडी घ्यावयाची ती स्वतःच घेत. मारधाडीचे हे पट विद्वानांनीं कधीं वाखाणले नाहींत; पण दिवसभर साच्यावर उभा राहिलेला कामगार ते आवडीनें पाही, आणि त्याच्या आण्यांवरच पालवांचा संसार चाले.

मग स्वतःची संस्था कशाला? कारण उघड आहे. दुसऱ्याच्या पेढीवर काटकसर करावी, तर वांचलेला पैसा त्या पेढीचा. परंतु मुहूर्त बिकट होता. महायुद्धामुळें कच्च्या फितीची टंचाई होती, आणि १९४३ पासून तिच्यावर सरकारी नियंत्रण आलें. त्यांतूनहि संस्था तगली.

पुढें राज कपूर यांनीं त्यांस सामाजिक बोलपट काढण्याचा सल्ला दिला. त्यांतून १९५१ सालीं 'अलबेला' निघाला. नायिका गीता बाली, संगीत सी. रामचंद्र यांचें. हे रामचंद्र म्हणजे पुणतांब्याचे चितळकर. पालवांच्या पडत्या काळापासूनचे स्नेही. दिग्दर्शक, निर्माते आणि नायक स्वतः पालव! घरांतून हांकलला गेलेला एक गरीब कारकून नट होऊं पाहतो, ही कथा. ती त्यांना परकी थोडीच होती? प्रेक्षकांनीं पट डोक्यावर घेतला. त्यानंतर जुहूस बंगला झाला, मोटारी आल्या.

येथें मात्र जुनी विद्या सुटली. १९५३ च्या 'झमेला'स 'अलबेला'ची सर आली नाहीं. 'हँसते रहना' ह्या पटासाठीं त्यांनीं होतें नव्हतें तें गुंतविलें, आणि तो पुराच झाला नाहीं. मालक एकटा असला म्हणजे नफ्यांत वांटेकरी नसतो, तसा तोट्यांतहि नसतो. बंगला गेला, मोटारी गेल्या, चित्रागारहि हातचें गेलें. पासष्ट हजारांत पट पुरा करणारा हा गृहस्थ पुढें दुसऱ्यांच्या पटांत लहानसहान कामें करूं लागला, तीं देखील कुरकुर न करतां.

दादरच्या चाळींत ते परत आले, आणि ४ फेब्रुवारी २००२ रोजीं तेथेंच वारले. त्यांचे बहुतेक जुने मारधाडीचे पट आज पाहावयास मिळत नाहींत. 'अलबेला' मात्र आहे. आणि गणपतीच्या मिरवणुकींत त्यांतील ठेक्यावर हात हालवीत नाचणारीं पोरें अजून दिसतात. तो नाच कोणाचा, हें त्यांतल्या पुष्कळांस ठाऊक नसतें.