भिंतीतली ओल



तेहतीस वर्षं जनरल प्रॅक्टिस करताना एक चुकीची गोष्ट मी पेशंटना सांगत आलो. ती दुरुस्त करायला आपणा डॉक्टरांची ही सभा योग्य जागा वाटते.

छातीत दुखतं म्हणून आलेल्या माणसाला आपण म्हणतो, "नळीत चरबी साचली आहे." केसपेपरवर दोन रेघा ओढतो, मध्ये गाळ रंगवतो. त्याला ते लगेच पटतं. मग अँजिओप्लास्टी होते, नळी मोकळी होते आणि सहा महिन्यांत तो गोळ्या सोडतो. गाळ काढला, आता औषध कशाला? त्याने आपल्या चित्रावर विश्वास ठेवला, एवढंच.

खरं तर कोलेस्टेरॉल नळीत साचत नाही, धमनीच्या भिंतीत मुरतं. ते वाहून नेणारे एलडीएलचे कण आतल्या अस्तरातून शिरतात, तिथेच अडकतात, त्यांचं रूप बदलतं. त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात आणि गिळून गिळून फेसाळ होऊन तिथेच मरतात. वर तंतूंचं कवच धरतं. पावसाळ्यात घराच्या भिंतीला ओल धरते ना, तसंच. बाहेरून रंग शाबूत, आत चुना भुसभुशीत, आणि एक दिवस पोपडा निघतो. धमनीतलं कवच फाटलं की तिथे रक्ताची गुठळी होते. फाटलेली जागा पुष्कळदा आधीच्या अँजिओग्राफीत किरकोळ दिसलेली असते. कालपर्यंत जिने चढणारा माणूस आज कोसळतो तो यामुळे.

ही ओल रक्तातून येते हे मानायला वैद्यकाला फार वर्षं लागली. 1913 मध्ये सेंट पीटर्सबर्गला निकोलाय अनिच्कोव्ह आणि सेम्योन खालातोव्ह यांनी सूर्यफुलाच्या तेलात शुद्ध कोलेस्टेरॉल विरघळवून सशांना दिलं आणि त्यांच्या धमन्या बिघडल्या. उंदीर आणि कुत्र्यांवर मात्र तसं घडेना. टीकाकार म्हणाले, ससा पाला खाणारा प्राणी, त्याच्यावरून माणसाचं काय ठरवणार? खरं कारण वेगळं होतं. कुत्रा जास्तीचं कोलेस्टेरॉल पित्तावाटे निकालात काढतो, त्याच्या रक्तात ते चढतच नाही. 1946 मध्ये कुत्र्यांची थायरॉइड औषधाने दाबून ते रक्तात चढवलं, तेव्हा त्यांच्याही धमन्या बिघडल्या. ताटातलं कोलेस्टेरॉल आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल यांत हा फरक आहे. "डॉक्टर, अंडं सोडलंय, तरी रिपोर्ट असा कसा?" या रोजच्या प्रश्नाचं उत्तर त्या कुत्र्यांनी देऊन ठेवलं आहे. आपलं यकृत रक्तातून एलडीएल किती उचलतं, यावर बरंचसं ठरतं. तूप, मलई, वनस्पती तूप यांवर हात आखडायला सांगावंच, पण सगळा दोष पेशंटच्या जिभेवर टाकू नये.

यकृताच्या पेशीवरचा एलडीएल उचलणारा ग्राही (रिसेप्टर) मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी डॅलसमध्ये शोधला. 1985 चं नोबेल त्यांना मिळालं. शाळकरी वयात हृदयविकार जडलेल्या मुलांच्या आजारातून त्यांना वाट सापडली होती. तिकडे जपानमध्ये अकिरा एंडो यांनी हजारो बुरशा तपासून पहिलं स्टॅटिन, म्हणजे रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध, मिळवलं. 1994 मध्ये स्कँडिनेव्हियातल्या 4444 हृदयरुग्णांवरच्या चाचणीत स्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये मृत्यू 30 टक्क्यांनी घटले. स्टॅटिनने नळी फारशी रुंद होत नाही, हे अँजिओग्राफीच्या अभ्यासांत दिसलं आहे. तरी माणसं वाचली, कारण भिंत सुकली.

तंबाखू, मिश्री, रक्तदाब, साखर, पोटाचा घेर हेही त्या भिंतीला पोखरतात, ते तुम्ही रोज पाहता. जगभरच्या तुलनेत दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी सहा वर्षं आधी, 53 च्या सुमारास येतो. घर चालवायचं असतं त्या वयात.

माझा एक पेशंट, चव्वेचाळीस वर्षांचा शेतकरी, मी काढून दिलेलं नळीचं चित्र घडी करून खिशात ठेवायचा. अँजिओप्लास्टीनंतर त्याने गोळी सोडली. दुसऱ्या झटक्यात तो गेला. मासिक श्राद्धाला मी त्याच्या घरी गेलो होतो. त्याची एकोणीस वर्षांची मुलगी पाणी घेऊन आली, तिच्या डोळ्यांच्या कडेला मला कोलेस्टेरॉलचे पिवळसर चट्टे दिसले. दुसऱ्या दिवशी तिला बोलावून रक्त घेतलं. एलडीएल 236. या वेळी मी कागदावर भिंत काढली. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "काका, ही ओल माझ्यात कधीपासून आहे?" मी म्हणालो, "जन्मापासून, बाळ." तिने कागद घेतला नाही. संध्याकाळी धाकट्या भावाला हाताला धरून दवाखान्यात घेऊन आली.