रेंज नसलेल्या वाटेवरचा नकाशा

ऑफलाइन नकाशा-ॲपला वाट दाखवायला इंटरनेट लागत नाही. उपग्रहांचे संकेत फोन थेट घेतो आणि मार्गही फोनमध्येच काढला जातो. रेंज नसेल तर स्थान पहिल्यांदा सापडायला थोडा जास्त वेळ लागतो, इतकेच. ‘रेंज गेली, जीपीएस बंद पडले’ ही निम्म्या भटक्यांची तक्रार असेल. पण त्यात उपग्रहांचा दोष नसतो, नकाशा घरून उतरवून आणलेला नसतो.

मुक्तस्रोत ॲपांत ऑसमँड आणि ऑरगॅनिक मॅप्स ही नावे आधी येतात. दोन्हींचा आधार ओपनस्ट्रीटमॅप, म्हणजे २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेला लोकांनी काढलेला नकाशा. ऑरगॅनिक मॅप्स २०२१ साली मॅप्स.मीच्या खुल्या आज्ञावलीतून निघाले आणि कारभाराच्या वादातून २०२५ साली त्यातून कॉमॅप्स फुटले. भाऊबंदकी इथेही आहे. मात्र आज्ञावली सर्वांची असल्याने वाटणीत वापरणाऱ्याचे काही जात नाही. ऑरगॅनिक साधे आणि चपळ. ऑसमँडमध्ये हवे ते सर्व आहे, फक्त ते सापडावे लागते. गूगल प्लेवरील त्याच्या मोफत आवृत्तीत नकाशे उतरवण्यावर मर्यादा आहे. एफ-ड्रॉइड या मुक्तस्रोत ॲपांच्या भांडारावरील आवृत्तीत ती नाही.

तरीही ॲपावरून भांडण्यात फारसा अर्थ नाही. माहिती एकच असल्याने जी वाट एकात नाही, ती तिन्हींत नसते. हरिश्चंद्रगडाचेच पाहावे. पाचनईची वाट सोपी, खिरेश्वरची टोलार खिंडीतून जाणारी लांबलचक, आणि बेलपाड्याहून कोकणकड्याच्या बाजूने चढणारी नळीची वाट म्हणजे खडकांनी भरलेली घळ, मध्ये दोर लावावा लागेल असे कातळटप्पे. नकाशावर मात्र तिन्ही नुसत्या तुटक रेघा दिसू शकतात. वाटेच्या अवघडपणासाठी स्विस आल्पाइन क्लबच्या श्रेणींवर बेतलेली नोंद असते. ती कोणी भरलीच नसेल, तर ॲपाला घळही पायवाटच वाटते आणि जवळची म्हणून ते तीच सुचवू शकते. ढोरवाटांचेही तसेच. ज्याने गड पाहिला आहे, त्याने ही नोंद आणि मराठी नाव घरी बसून भरावे. दुरुस्ती फोनवर साधारणतः नवी फाइल उतरवल्यावरच दिसते, म्हणून निघण्याआधी फाइलची तारीख पाहावी.

आयफोन की अँड्रॉइड, याने फरक पडत नाही. तिन्ही ॲपे दोन्हींवर मिळतात.

शेवटची चाचणी घरीच करता येते. फोन विमान मोडवर टाकून ठरलेला मार्ग मागावा. तो निघाला नाही, तर बहुधा शेजारच्या विभागाची फाइल राहिलेली असते: ऑसमँडवर दोडामार्गहून डिचोलीला जाणाऱ्याला महाराष्ट्राबरोबर गोव्याचीही लागते.