आखडलेला खांदा आणि हातांचे उपचार

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा ही बाई शास्त्राच्या गोष्टी काय सांगणार, असे कोणाच्या मनात येईल. परंतु माझ्या थोरल्या जाऊबाईंचा उजवा खांदा आखडला, आणि चार महिने त्यांच्याबरोबर दवाखान्यात जाता-येता तिथल्या फिजिओथेरपीच्या बाईंना मी प्रश्न विचारून अगदी भंडावून सोडले. त्यातून जे पदरात पडले ते आपल्यापुढे ठेवते.

हे दुखणे आपण बायका चटकन ओळखतो. अंबाड्याला हात पोचत नाही, पाठीमागचा हूक लागत नाही, फळीवरचा डबा निघत नाही, आणि रात्री त्या कुशीवर निजवत नाही. बहुधा चाळीस ते साठ ह्या वयात हे येते. पुरुषांपेक्षा बायकांत अधिक, आणि मधुमेह असेल तर फारच अधिक. कॉडमन नावाच्या अमेरिकन शल्यवैद्याने १९३४ साली ह्याला ‘फ्रोझन शोल्डर’, म्हणजे गोठलेला खांदा, असे नाव दिले.

आत काय होते? खांद्याचा सांधा म्हणजे उखळीत बसवलेला गोळा. त्याच्याभोवती एक पातळ पिशवी असते. ती सुजते, जाड होते आणि आक्रसते. आधी फार दुखते, मग दुखणे उतरते पण हात अडतो, आणि शेवटी तो हळूहळू सुटू लागतो. ह्या सगळ्याला एक ते तीन वर्षेही लागतात. काहींचा हात त्यानंतरही थोडा अडूनच राहतो.

आपल्याकडे तेल चोळणे आणि शेकणे हा जुना उपाय. तो वाईट नाही. जाऊबाईंना त्याने बरे वाटे, पण दोन तासांनी पुन्हा ठणका सुरू. असे का, म्हणून मी बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, “चोळल्याने वरचे स्नायू सैल होतात, पण आतली पिशवी आखडलेलीच राहते.” म्हणून त्या एकावर न थांबता चार उपचार एकापाठोपाठ एक करीत.

पहिला, दहा-पंधरा मिनिटे शेक. दुसरा, मान, पाठीचा फरा आणि दंड ह्यांच्या ताठरलेल्या स्नायूंना हाताने दाबून मोकळे करणे. कारण दुखऱ्या सांध्याला जपताना आजूबाजूचे स्नायू आवळून बसतात. तिसरा, सांध्याची हालचाल. दंडाचे डोके दोन्ही हातांत धरून उखळीतल्या उखळीत ते हळूहळू सरकवतात. ठणका असेल तेव्हा अगदी अलगद, आणि ठणका उतरून नुसता ताठरपणा उरला की थोडे खोलवर. चौथा उपचार आपल्या स्वतःच्या हाती, तो म्हणजे घरचा व्यायाम. पुढे वाकून हात लोंबता सोडून झोके देणे, भिंतीवर बोटांनी चढत जाणे, आणि पाठीमागे पंचा धरून चांगल्या हाताने दुखरा हात वर ओढणे.

गंजलेल्या बिजागरीला तेल घातले आणि दार हलवलेच नाही, तर चार दिवसांनी ते पुन्हा कुरकुरते. तसेच हे. दवाखान्यात मोकळा झालेला हात त्याच दिवशी घरी हलवला, तरच तो मोकळा राहतो. कंबरदुखीलाही हाच न्याय लागतो. जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात व्यायाम, मालिश, हातांचे उपचार आणि रोग्याला नीट समजावून सांगणे हे सगळेच सुचवले आहे.

आता सावधगिरीचे चार शब्द. आधी डॉक्टरांना दाखवा आणि रक्तातील साखर तपासून घ्या. मधुमेहाने हात बधिर झाला असेल तर शेक घेताना फार जपा, भाजलेले कळत नाही. झटका देऊन खांदा मोकळा करतो म्हणणाऱ्याच्या हाती हात देऊ नका. ठिसूळ झालेले हाड मोडू शकते. आणि खांद्याबरोबर छातीत दुखून घाम फुटला किंवा दम लागला, तर तो खांदा नव्हे, हृदय असू शकते. तेव्हा तडक रुग्णालय गाठावे.

जाऊबाई चौथ्या महिन्यात आपला अंबाडा आपण घालू लागल्या. पाठीमागे हात अजून थोडा कमी जातो, पण रात्रीची झोप परत आली.

जाता जाता घरच्या मंडळींसाठी एक सांगते. “दिवसभर काम करतेस, आणखी व्यायाम कशाला?” असे आपल्याला नेहमी ऐकवले जाते. पण कणीक मळताना, भांडी घासताना हात पुढे आणि खालीच चालतो. डोक्यावर किंवा पाठीमागे तो जातच नाही. दिवसातून तीनदा दहा मिनिटे मिळाली तर ह्या दुखण्याला पुरतात. तेवढा वेळ पोळ्यांचा तवा दुसऱ्या कोणी सांभाळला, तर तोही त्या बाईच्या औषधाचाच भाग समजावा. आणि मैत्रिणींनो, तेवढा वेळ मागायला आपणही संकोचू नये.