पोरं वसतिगृहात जाताना

अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, त्या पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं होतं, सर्व जातींच्या मुलांसाठी. आज त्यांच्याच नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या अल्पभूधारकांच्या, नोंदणीकृत मजुरांच्या मुलांनी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा. प्रवेश घेताना रॅगिंगविरोधी हमीपत्र पालकांनाही द्यावं लागतं. ते वाचून द्या. राज्यात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद. तक्रारीसाठी टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-५५२२. आपल्या अकोला-अमरावतीकडं उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा खोलीत कूलर चालतो का, हे आधीच विचारा. मेसचं वरण पातळच असणार, त्यासाठी रोज फोन नको. रेक्टरांचा नंबर मात्र लिहून ठेवा.