वृषणाचा कर्करोग आणि पोटाचा स्कॅन

वृषणातली गाठ सोनोग्राफीत कर्करोगाची वाटली, की डॉक्टर पोटाचा सीटी स्कॅन सांगतात. तो का? गर्भात वृषणं मूत्रपिंडांजवळ तयार होतात, मग खाली उतरतात. त्यांच्या लसिकावाहिन्या मात्र वर, पाठीच्या कण्यासमोरच्या लसिकाग्रंथींनाच जोडलेल्या राहतात. म्हणून रोग पसरला तर बहुधा आधी तिथेच. पुढे फुप्फुसं, म्हणून छातीचीही तपासणी. मेंदूचा एमआरआय सगळ्यांना लागत नाही. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग यांचा रोग १९९६ मध्ये पोट, फुप्फुसं आणि मेंदूपर्यंत पोहोचला होता, तरीही ते उपचारांनी बरे झाले! तेव्हा तरुणांनो, गाठ लपवू नका. अगदी बारीक प्रसार स्कॅनमध्येही निसटतो, त्यामुळे सोबत रक्ततपासणी होते आणि उपचारांनंतरही ठरावीक काळाने स्कॅन करतात.