बाबाची रजा



१९९३ च्या फेडरल कायद्याने मूल झाल्यावर १२ आठवडे रजा मिळते, पण बिनपगारी. कॅलिफोर्नियाने २००४ पासून पगारी रजा सुरू केली. असे करणारे हे देशातले पहिले राज्य. आज ती ८ आठवड्यांची आहे. २०२५ पासून, ठरावीक मर्यादेपर्यंत, पगाराच्या ७० ते ९० टक्के रक्कम मिळते. हे पैसे आपल्याच पगारातून कापलेल्या विम्याचे आहेत. आणि ही रजा आईइतकीच बाबाचीही आहे.

आपल्या घरांत मात्र आधी आजी येते सहा महिने, मग दुसरी आजी, मग डे-केअर. यात बाबा कुठे? तो 'मदत' करतो. मदत म्हणजे काम मुळात दुसऱ्याचे! लसीची तारीख, डे-केअरची वेटिंग लिस्ट, ताप आल्यावर येणारा फोन, हे सारे तिच्याच डोक्यात. मग बढती मागे पडते तीही तिचीच.

रजा पहिल्या वर्षात केव्हाही घेता येते. म्हणून बाबांनी ती घरात आजी असताना न घेता, आई कामावर परतल्यावर घ्यावी. आठ आठवडे एकट्याने बाळ सांभाळलेला माणूस पुढे 'डायपर कुठे आहेत?' असे विचारत नाही.

समानतेवर आपण पुष्कळ बोलतो. हा कायदा तर झालेलाच आहे. अर्ज तेवढा भरायचा आहे.