फरशीवरील समुद्र

इ. स. १९४२ च्या जानेवारी महिन्यांत लिव्हरपूल शहरांतील डर्बी हाऊस नांवाच्या इमारतींत एक विलक्षण खेळ मांडण्यांत आला. एका दालनाची जमीन हाच त्याचा पट. तीवर चौकटी आंखून तो अटलांटिक महासागर आहे असें मानलें होतें. जहाजांच्या चिमुकल्या प्रतिकृति त्यावर ओळींनें मांडल्या जात, आणि विशीच्या आसपासच्या मुली वांकून खडूनें रेषा ओढीत त्या बोटा-दोन बोटांनीं पुढें सरकवीत. कडेला कनातीचे आडोसे, त्यांना बारीक फटी आणि त्या फटींतून डोकावणारे, समुद्रावर उन्हाळे-पावसाळे काढलेले आरमारी अधिकारी! वरवर पाहणारास ही पोरांची करमणूक वाटली असती. परंतु या खेळांतून ज्या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें होतें, त्यावर सहस्रावधि खलाशांचे प्राण अवलंबून होते.

प्रश्न असा होता. ब्रिटनला धान्य, तेल व युद्धसाहित्य समुद्रमार्गानें आणावें लागे. एकटें जहाज पाणबुडीच्या तावडींत सहज सांपडतें, म्हणून तीस-चाळीस जहाजांचा तांडा करून त्याच्या भोंवतीं रक्षक नौका ठेवीत. तथापि तांडा बांधूनहि जहाजें बुडतच राहिलीं. १९४० च्या ऑक्टोबर महिन्यांत 'एस. सी. ७' या तांड्यांतील ३५ जहाजांपैकीं २० बुडालीं. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हिंदी खलाशीहि पुष्कळ असत. रत्नागिरीकडील व गोव्यांतील कित्येक घरांना त्यामुळें या दूरच्या समुद्राची वार्ता परकी नव्हती. रक्षक नौकांचें कडें भोंवतीं असतां पाणबुडी आंत शिरते कशी, हें मात्र रक्षकांना उमगत नव्हतें.

रक्षकांची सारी भिस्त अॅस्डिक नांवाच्या यंत्रावर होती. हें यंत्र पाण्यांत ध्वनि सोडतें आणि पाणबुडीच्या अंगावर आपटून परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून तिची दिशा व अंतर सांगतें. परंतु पाणबुडी पाण्याखालीं असेल तरच या यंत्राचा खरा उपयोग. जर्मन कप्तानांनीं नेमकें हेंच वर्म हेरलें होतें. ते रात्रीं पाणबुडी पृष्ठभागावर आणीत. तिचें अंग पाण्याच्या पातळीला इतकें लागून असे कीं, काळोखांत ती टेहळ्यास दिसत नसे. शिवाय बुडी मारली असतां जी ताशीं सातआठ सागरी मैलांपलीकडे जाऊं शकत नाहीं, तीच पृष्ठभागावर सतरा मैलांच्या वेगानें धांवते. तांडा बिचारा सातआठ मैलांनीं चाललेला! ऑटो क्रेचमेर हा 'यू-९९' पाणबुडीचा कप्तान या विद्येंत अग्रगण्य होता. दुरून अनेक पाणतीर सोडण्यापेक्षां जहाजांच्या ओळींतच शिरावें आणि एका पाणतीरास एक जहाज टिपावें, हा त्याचा बाणा. १९४१ च्या मार्च महिन्यांत तो कैद झाला. पण त्याची रीति त्याच्याबरोबर कैद झाली नाहीं.

डर्बी हाऊसमधील खेळाचे सूत्रधार कमांडर गिल्बर्ट रॉबर्ट्स यांना क्षयरोगामुळें १९३८ मध्यें आरमारांतून निवृत्त व्हावें लागलें होतें. युद्ध पेटलें तेव्हां ज्याला जहाजावर पाऊल ठेवण्याची आशा उरली नाहीं, अशा या मनुष्याकडे किनाऱ्यावर बसून समुद्राचें कोडें सोडविण्याचें काम आलें. त्यांच्या हाताखालीं आरमाराच्या स्त्री-शाखेंतील तरुणी होत्या. त्यांतील बहुतेकींनीं समुद्रावरची लढाई कधीं पाहिली नव्हती. परंतु त्यांचें गणित पक्कें आणि नजर पूर्वग्रहांपासून मोकळी होती.

त्यांनीं प्रथम १९४१ च्या डिसेंबरांत जिब्राल्टरहून निघालेल्या 'एच. जी. ७६' या तांड्याची हकीकत पटावर मांडली. त्याचे रक्षक कमांडर वॉकर हे मोठे शूर अधिकारी. जहाजावर पाणतीर आदळला कीं सर्व रक्षक नौकांनीं बाहेरच्या बाजूस धांव घ्यावी, आकाशांत प्रकाशगोळे उडवावे व पळणाऱ्या पाणबुडीस गांठावें, असा त्यांचा परिपाठ होता. हल्लेखोर बाहेरून येतो व बाहेरच पळतो, हें त्यांत गृहीत धरलेलें होतें. परंतु वेळा, अंतरें व पाणतीराचा पल्ला यांचा मेळ फरशीवर घालूं लागल्यावर तो बसेना. पाणबुडी आधींच तांड्याच्या आंत आहे असें धरलें तेव्हां मात्र सर्व आंकडे आपापल्या जागीं बसले. ती मागच्या बाजूनें, जेथें पहारा सर्वांत विरळ तेथून, ओळींमध्यें शिरते; जहाज टिपते; मग बुडी मारून तांडा डोक्यावरून पुढें जाऊं देते आणि मागच्या मागें निसटते. म्हणजे रक्षक चोराच्या शोधार्थ अंगणाबाहेर धांवत होते, आणि चोर माजघरांत उभा होता!

निदान झाल्यावर उपाय दूर नव्हता. इशारा मिळतांच रक्षक नौकांनीं बाहेर न धांवतां तांड्याच्या पिछाडीस यावें, ओळ धरावी आणि अॅस्डिकनें पाणी विंचरीत जावें. बुडी मारलेली पाणबुडी आतां मंद असते, आणि आतांच ती यंत्रास ऐकूं येते. जीन लेडलॉ या तरुणीनें या डावास 'रास्पबेरी' असें नांव सुचविलें. ओठांनीं काढावयाच्या कुचेष्टेच्या आवाजाला इंग्रजींत हाच शब्द आहे, आणि ही कुचेष्टा हिटलरची होती. अॅडमिरल सर पर्सी नोबल यांना या खेळाविषयीं प्रारंभीं संशय होता. पण डाव डोळ्यांनीं पाहिल्यावर तो उरला नाहीं.

मग अधिकाऱ्यांचें शिक्षण सुरू झालें. कनातीच्या फटींतून खऱ्या समुद्रावर दिसेल तेवढेंच त्यांना दिसे. पाणबुडीचा मार्ग हिरव्या खडूनें काढीत, म्हणजे फटींतून पाहणारास त्या रंगाची रेघ दिसत नसे. प्रत्येक खेळीस दोन मिनिटें मिळत. तेवढ्यांत परिस्थिति ओळखून हुकूम द्यावयाचा. चुकीच्या हुकुमानें येथें फक्त एक प्रतिकृति पटावरून उचलली जाई. हाच या शाळेचा सर्वांत मोठा उपकार होय. युद्ध संपेपर्यंत सुमारे ५,००० अधिकारी या फरशीवर शिकून गेले.

१९४२ च्या नोव्हेंबरांत नोबल यांच्या जागीं अॅडमिरल सर मॅक्स हॉर्टन आले. १९१४ मध्यें 'ई-९' पाणबुडीतून त्यांनीं 'हेला' ही जर्मन युद्धनौका बुडविली होती. त्यांनीं या खेळांत पाणबुडीचा पक्ष घेतला. रक्षकांच्या बाजूस जॅनेट ओकेल ही तरुणी होती. पांच डाव झाले आणि पांचहि वेळां अॅडमिरलसाहेबांची पाणबुडी बुडाली, अशी हकीकत नमूद आहे. अनुभवास पराभूत करणारी ती विद्या समुद्रावर गेलीच पाहिजे, हें याहून चांगल्या रीतीनें कोण सिद्ध करणार?

१९४३ च्या मे महिन्यांत पारडें फिरलें. 'ओ. एन. एस. ५' या तांड्यानें १३ जहाजें गमावलीं, पण हल्लेखोरांच्या ६ पाणबुड्या बुडाल्या. त्या एका महिन्यांत जर्मनीच्या ४१ पाणबुड्या नष्ट झाल्या, आणि २४ मे रोजीं अॅडमिरल ड्योनिट्झ यांनीं उत्तर अटलांटिकमधून आपले कप्तान मागें बोलाविले. या यशांत रडारचा, लांब पल्ल्याच्या विमानांचा आणि सांकेतिक लिपि उलगडणाऱ्यांचा वांटा मोठा आहे. एकट्या खेळानें युद्ध जिंकलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. तथापि हीं साधनें ज्यांच्या हातीं होतीं, त्यांना शत्रु कोठें उभा असतो हें या फरशीनेंच शिकविलें.

आज हाच खेळ घरोघरच्या संगणकावर खेळतां येतो. 'सायलेंट हंटर'सारख्या खेळांत बसल्या जागीं पाणबुडीचा कप्तान होऊन रक्षकांचें कडें भेदावयाचें असतें, आणि तेथेंहि काळोख, संथ गति व धीर हींच निसटण्याचीं साधनें आहेत. डाव हरल्यास तो पुन्हां मांडतां येतो. डर्बी हाऊसमधील मुलींनाहि तो पुन्हां मांडतां येत असे; परंतु त्यांच्या पटावरून उचललेल्या प्रत्येक प्रतिकृतीमागें एक खरें जहाज, आणि त्या जहाजामागें किनाऱ्यावर वाट पाहणारीं कित्येक घरें होतीं. ही जाणीव ठेवून त्या खेळल्या, म्हणून त्यांचा खेळ सार्थकीं लागला.